खोडायचं नाही, पुढे लिहायचं : पोस्टग्रेसमधल्या एका दोषाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दफ्तरं येतात, रुमालात बांधलेली, मोडीतली. ती चाळणाऱ्याला सर्वात जास्त छळणारा प्रश्न असतो : हे नेमकं कोणी लिहिलं, कधी, आणि का? आज मी अशा एका दफ्तराबद्दल बोलणार आहे जिथे हा प्रश्नच पडत नाही. पोस्टग्रेस-एसक्यूएल हा खुला डेटाबेस. त्याच्या कोडमधली ओळ न ओळ कोणी बदलली, कोणत्या तारखेला बदलली आणि बदलताना काय कारण दिलं, हे कोणालाही वाचता येतं. मी कित्येक वर्षं डेटाबेस सांभाळायचं काम करतो, आणि खरं सांगायचं तर हे दफ्तर मला कधीकधी कामापेक्षा जास्त रमवतं.

त्यातली एकच गोष्ट आज घेऊ. एका दोषाची. पण तो दोष समजायचा तर बरीच वर्षं मागे जावं लागेल.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांनी आधी इंग्रेस नावाचा डेटाबेस घडवला होता. १९८६ साली त्यांनी त्याच्या पुढचं काम हाती घेतलं, म्हणून नाव पडलं पोस्टग्रेस, इंग्रेसनंतरचा. त्यांनी तेव्हा एक धाडसी निर्णय घेतला : साठवलेली नोंद कधी खोडायची नाही. बदल झाला तर जुनी ओळ तशीच ठेवायची आणि नवी ओळ पुढे लिहायची. हेतू असा होता, की गेल्या वर्षी अमुक दिवशी माहिती कशी होती, हेसुद्धा विचारता यावं. याला ते कालप्रवास म्हणत.

बर्कलीचा प्रकल्प ४.२ या आवृत्तीवर थांबला. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल भाषा शिकवली, १९९६ मध्ये त्याचं आजचं नाव ठरलं आणि इंटरनेटवर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी ते मूल दत्तक घेतलं. त्यांनी कालप्रवास काढून टाकला, कारण त्याची किंमत वेगात आणि जागेत मोजावी लागत होती. पण न खोडण्याची पद्धत मात्र ठेवली. १९९९ च्या ६.५ आवृत्तीत वादिम मिखेयेव या रशियन अभियंत्याने त्याच पद्धतीतून एक फार कामाची गोष्ट उभी केली : एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबावं लागत नाही. वाचणाऱ्याला जुनी ओळ दिसते, लिहिणारा नवी लिहितो. आज पोस्टग्रेसचं जे नाव आहे त्यात या सोयीचा वाटा फार मोठा आहे.

आता फुकट काहीच मिळत नसतं. एक मोठी सभासद नोंदवही डोळ्यांसमोर आणा. तिच्या मागे दोन सूची आहेत, एक नावाप्रमाणे, एक गावाप्रमाणे. प्रत्येक सूचीत लिहिलेलं आहे : अमुक पान, अमुक ओळ. डेटाबेसच्या भाषेत हे इंडेक्स. आता कुलकर्णी बाईंचा फोन नंबर बदलला. आपण खोडत नाही, म्हणून त्यांची संपूर्ण ओळ दुसरीकडे नव्याने लिहिली. म्हणजे दोन्ही सूचींमध्ये नवी नोंद करणं आलं. नाव बदललं नाही, गाव बदललं नाही, तरीही! सूची दहा असतील तर दहा ठिकाणी लिहा. शिवाय जुन्या ओळी साचत जातात आणि त्या झाडून काढायला व्हॅक्यूम नावाचा झाडूवाला सतत फिरता ठेवावा लागतो.

यावर २००८ च्या फेब्रुवारीत आलेल्या ८.३ आवृत्तीत तोडगा निघाला. त्याचं नाव हॉट, म्हणजे हीप ओन्ली टपल. आणि आपल्याला आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे हे काम मुख्यतः केलं पुण्यातल्या पवन देवलसी यांनी. कल्पना ऐकायला सोपी आहे. जो रकाना बदलला त्यावर एकही सूची नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी ओळ त्याच पानावर लिहायची, जुन्या ओळीवर बाण काढायचा, ‘पुढे बघा’, आणि सूचींना हातच लावायचा नाही. सूची वाचकाला जुन्या ओळीपर्यंत आणते, बाण त्याला नव्या ओळीवर नेतो. मधल्या मेलेल्या ओळी पान वाचता वाचताच साफ करता येतात. ज्यांनी ८.३ च्या आधीचे दिवस पाहिलेत त्यांना विचारा, फरक काय पडला ते.

पण यात एक अट दडलेली आहे. कोणकोणत्या रकान्यांवर सूची आहे, हे लिहिणाऱ्याला त्या क्षणी अचूक माहीत हवं. आणि इथेच दुसऱ्या एका चांगल्या सोयीशी गाठ पडते. २००६ च्या ८.२ आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये चालू कामकाज न थांबवता नवी सूची बांधता येते. क्रिएट इंडेक्स कन्करन्टली ही ती आज्ञा. चोवीस तास उघड्या असणाऱ्या व्यवस्थांना ती प्राणवायूसारखी आहे. यात आधी फक्त जाहीर करायचं असतं की आता फोन नंबरवर सूची होणार आहे. सगळ्यांपर्यंत ती बातमी पोचली की मग खरं बांधकाम सुरू होतं.

दोन्ही सोयी चांगल्या, दोन्ही नीट विचार करून केलेल्या. दोष त्यांच्या सांध्यात होता, आणि तो सापडला कसा ती कथा मला सर्वात आवडते.

२०१६ च्या जुलैमध्ये उबर कंपनीच्या अभियंत्यांनी आपण पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे का गेलो, याचा सविस्तर लेख लिहिला. त्यातली एक मोठी तक्रार आपण आत्ता पाहिली तीच : एक छोटा बदल आणि सूचींमध्ये भाराभर लिखाण. सूची असलेलाच रकाना बदलला तर हॉटचा उपयोग होत नाही ना. त्याच वर्षी देवलसी यांनी या दुखण्यावर वॉर्म नावाची नवी योजना मांडली. हॉटनंतर वॉर्म, अभियंत्यांचा विनोद हा असा असतो. तिची कसून चाचणी करताना त्यांना सूचीत चुकीच्या नोंदी दिसू लागल्या. साहजिकच संशय आपल्याच नव्या कोडवर. बरीच मेहनत खर्ची पडल्यावर २०१७ च्या सुरुवातीला निष्पन्न झालं, की दोष नव्या कोडमध्ये नाहीच. तो मूळ पोस्टग्रेसमध्ये आहे, आणि तेव्हा चालू असलेल्या सर्वात जुन्या ९.२ आवृत्तीपर्यंत मागे जाऊन तपासलं तरी आहेच.

काय होत होतं? प्रत्येक लिहिणारा ‘कोणत्या रकान्यांवर सूची आहे’ याची यादी करून ती जवळ ठेवतो, दरवेळी नव्याने करत नाही. समजा, एकजण ती यादी करायला बसला. निम्मी झाली आणि नेमकी त्याच क्षणी बातमी आली : फोन नंबरवर नवी सूची होते आहे, जुनी यादी टाकून द्या. त्याने जुनी यादी टाकली, अगदी नियमाप्रमाणे. पण हातातली अर्धी यादीही जुन्याच माहितीवर आधारलेली होती. ती त्याने पूर्ण केली आणि नवी म्हणून जपून ठेवली. यानंतर कुलकर्णी बाईंचा नंबर बदलला की तो यादी बघणार, फोनवर सूची नाही असं समजणार आणि नुसता बाण काढून मोकळा होणार. फोनच्या सूचीत नव्या नंबराची नोंदच नाही. बाई वहीत आहेत, पण नंबर टाकून शोधलं तर उत्तर येणार : अशी कोणी व्यक्ती नाही.

मंडळी, इथे जरा थांबा. यंत्र बंद पडलं तर सगळ्यांना कळतं, धावाधाव होते, तासाभरात कोणीतरी दुरुस्त करतं. इथे काहीच बंद पडत नाही. कुठे लाल अक्षरात सूचना येत नाही. खिडकीपलीकडचा माणूस शांतपणे सांगतो, ‘तुमचं नाव दिसत नाही,’ आणि त्याचाही इलाज नसतो, कारण तो पडद्यावर दिसतं तेच सांगतोय. नाव आहे आणि तरी नाही. शिधापत्रिका असो, बँकेचं खातं असो, परीक्षेची यादी असो, आज आपलं असणं-नसणं अशाच सूचींवर ठरतं.

दुरुस्ती टॉम लेन आणि देवलसी यांच्या नावावर नोंदलेली आहे. तीन महिन्यांनी येणाऱ्या नियमित दुरुस्ती-आवृत्त्या अगदी तोंडावर आल्या होत्या, त्यामुळे वाद झाला : घाईने हात घालायचा की पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं? घाईची दुरुस्ती नवा दोष आणू शकते, हे म्हणणाऱ्यांचंही चुकीचं नव्हतं. अखेर कमीत कमी बदल करणारा उपाय निवडला : यादी करून झाली की ती जपून ठेवण्याआधी पुन्हा बघायचं, दरम्यान सूची बदलल्या का? बदलल्या असतील तर पहिल्यापासून सुरुवात. बस, एवढंच. ९ फेब्रुवारी २०१७ रोजी ९.६.२ पासून ९.२.२० पर्यंत पाच आवृत्त्या एकदम बाहेर पडल्या.

आणि त्यासोबतच्या निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं, की नवी आवृत्ती टाकल्याने आधी बिघडलेल्या सूची आपोआप सुधारणार नाहीत. शंका असेल त्यांनी त्या पुन्हा बांधाव्यात. माझ्या मते ही दोन वाक्यं दुरुस्तीइतकीच मोलाची होती. मी त्या काळात ज्यांचं काम बघत होतो तिथे आम्ही सलग काही रात्री बसून एकेक सूची नव्याने बांधली. बिघडलेली निघाली का? आम्हाला कळलंही नाही, कारण पुन्हा बांधली की पुरावा पुसला जातो. तेव्हाच्या व्यवस्थापकांना हे पटवून देणं, की काहीही बिघडलेलं दिसत नसताना आपण रात्रभर जागायचं आहे, ते काम मात्र कोडपेक्षा अवघड गेलं.

वॉर्मचं पुढे काय झालं? ती योजना पोस्टग्रेसमध्ये कधीच गेली नाही. गुंतागुंत फार, धोका जास्त, असं ठरलं. ज्या योजनेमुळे हा दोष उजेडात आला ती मूळ कोडमध्ये नाही, आणि हे फक्त जुना पत्रव्यवहार चाळणाऱ्यालाच कळतं.

आता तुम्ही म्हणाल, सांधा बुजला, गोष्ट संपली. नाही. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस १४ वी आवृत्ती आली, तीत एक छान सुधारणा होती. मोठी सूची बांधायला तासन्‌तास लागतात, तेवढा वेळ व्हॅक्यूमला मेलेल्या ओळी झाडता येत नव्हत्या. ठरलं की सूची बांधणाऱ्याकडे झाडूवाल्याने लक्षच द्यायचं नाही. पण पान वाचता वाचता होणारी ती हॉटची साफसफाई आठवते ना? तीही आता लक्ष देईनाशी झाली. सूची बांधणाऱ्याला ज्या ओळी अजून हव्या होत्या त्या त्याच्या पायाखालून निघून जाऊ लागल्या, आणि बांधकाम चालू असताना बदललेल्या काही ओळी सूचीतून गळल्या. तोच सांधा, वेगळी फट.

या वेळी तीन महिन्यांच्या फेरीची वाट पाहिली नाही. १६ जून २०२२ रोजी १४.४ ही आवृत्ती मुद्दाम, वेळापत्रकाबाहेर काढली. दुरुस्ती म्हणून काही नवं लिहिलं नाही, ती सुधारणाच उचलून बाजूला ठेवली, आणि मोठ्या सूची बांधताना झाडूवाला पुन्हा पूर्वीसारखा खोळंबू लागला. एक गोष्ट मात्र २०१७ पेक्षा बरी होती. सूचीतून गळलेली ओळ शोधून काढणारं पीजी-एएमचेक हे अवजार आता पोस्टग्रेससोबतच मिळत होतं. त्यामुळे सगळ्या सूची आंधळेपणाने पाडून बांधण्याआधी कोणती बिघडली आहे, हे विचारता येत होतं. ज्यांनी १४.० ते १४.३ च्या काळात कन्करन्टलीने सूची बांधल्या होत्या, त्यांना पुन्हा काही रात्री जागावं लागलं.