ओल्या कापसातले मासे

खोपोलीत उतरा. जुलै सुरू आहे, डोंगर ढगात बुडालाय आणि टाटांचे पाइप तेवढे ढगातून खाली उतरताना दिसतायत. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस त्या पाइपांतून पाचशे मीटरहून अधिक खाली कोसळतो, पॉवर हाऊसची चाकं फिरवतो आणि पाताळगंगेला जाऊन मिळतो. या पाण्याची मूळ वाट वेगळी होती. इंद्रायणी, भीमा, कृष्णा आणि मग थेट बंगालचा उपसागर. खालापूरकरांच्या अंगणातून वाहतं ते हे असं वळवलेलं पाणी. एकदा पाणी वळवायची सवय लागली की माणूस मासेही वळवायला लागतो, आणि ते कसं होतं ते बघायला तुम्हाला मागं जायचंय. पाइपांच्या कडेनं चढायला लागा. वलगणीचे मासे प्रवाहाच्या उलटे चढतात, तसेच.

चढता चढता वर्षं गळत जातात. एक्स्प्रेस वे जातो, कारखान्यांचा वास जातो, विजेच्या तारा जातात, शेवटी पाइपही जातात. माथ्यावर पोचलात की १८२० च्या दशकात आहात. तसंच पूर्वेला पुण्यापर्यंत चालत जा. शहराच्या खालच्या अंगाला नदीकाठी एक गोरा अधिकारी टोपलीतला मासा उलटापालटा करून बघतोय. हा विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलंय. धान्य, माणसं, पक्षी, मासे, काहीच त्याच्या वहीतून सुटत नाही. तुम्हीही वाकून बघा. तळहातात मावणार नाहीत एवढे खवले नसले तरी नाण्याएवढे सहज आहेत, ओठ जाड, पर निळसर. पुढं १८३९ साली साइक्सच्या निबंधात हा मासा छापून येईल, इथल्याच लोकांच्या तोंडचं ‘खुदरी’ हे नाव शास्त्रीय नावात घेऊन. महाशीरांच्या कुळातला हा दख्खनी. पावसात वर चढायचं, वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालायची, एवढीच त्याची मागणी आहे. अजून ती कोणी नाकारलेली नाही.

तिथून एकदम ८ फेब्रुवारी १९११. लोणावळ्याजवळचं वळवण. मांडव घातलाय, मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क धरणाचा पायाचा दगड बसवतायत. जमशेटजींना जाऊन सात वर्षं होत आली. त्यांची कल्पना आता दोराबजी पुरी करतायत. भाषणांत मासा नाही. का असावा? मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या धुराऐवजी वीज हवी आहे आणि ती चार वर्षांत, १९१५ च्या फेब्रुवारीत, खोपोलीहून मिळणार आहे. मग १९२२ मध्ये कर्जतच्या बाजूला भिवपुरी. मुळशीचं धरण आलं तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांच्या बाजूनं सेनापती बापट तरी उभे राहिले. माशांचा सत्याग्रह कोण करणार? धरणाच्या खाली राहिलेला खुदरी पावसात वर येतो, भिंतीला नाक लावतो आणि परत जातो.

आता थोडं रेंगाळा, कारण पुढचा मुक्काम सगळ्यात चांगला आहे. १९७० चं दशक, ऑगस्ट, पुन्हा वळवण. भिंत पाऊणशे वर्षांची व्हायला अजून वेळ आहे, पण तळं आता जन्मापासूनच होतं असं वाटावं इतकं मुरलंय. काठाशी टाटांचं मत्स्यबीज केंद्र आहे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे मत्स्य खात्याच्या संचालकपदाचा अनुभव गाठीशी असलेले शास्त्रज्ञ आणि केंद्राचे एस. एन. ओगले यांनी इथं एक गोष्ट साधली आहे, जी तेव्हा भारतात फार थोड्यांना जमत होती: महाशीराची अंडी हातानं काढून फळवणं.

रेनकोटची बटणं लावा आणि गर्दी न करता बघा. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी चढायला आलेल्या माद्या जाळ्यात धरल्या आहेत. एकजण मादीला ओल्या फडक्यात धरतो, दुसरा तिच्या पोटावरून हलकेच अंगठा खाली आणतो. कोरड्या भांड्यात सोनेरी अंडी सांडतात. त्यावर नराचं पाणी, मग हलक्या हातानं ढवळणं, मग पाणी. फळलेली अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पसरतात. ती तळाशी बसतात, एकमेकांना चिकटत नाहीत. तीनेक दिवसांनी त्यात डोळे हलायला लागतात. हे बघताना कुणालाही आनंदच होईल, तुम्हालाही होऊ द्या. खाली देहू-आळंदीच्या डोहांत भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या याच माशावर नद्यांच्या घाणीचं संकट येतंय. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांनी बाकीच्या नद्या उपसल्या आहेत. अशा वेळी इथल्या शेडमध्ये हजारांनी पिल्लं निघतायत. याला पुण्यकर्म म्हणायला माझी काही हरकत नाही.

कोपऱ्यात एक डबा भरतायत, तिकडे जा. आत ओला कापूस, त्यावर अंड्यांचा थर, वर पुन्हा ओला कापूस. पाणी नाही, म्हणजे वजन नाही. डबा विमानानं जाऊ शकतो. ही युक्ती कुलकर्णी-ओगल्यांची. डबा क्षणभर हातात घ्या. आता वळवणचा मासा देशात कुठंही पोचवता येईल. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींना तर महाशीर म्हणजे जीव की प्राण. आणि नेमका इथंच प्रश्न सुरू होतो.

एक फाटा घेऊ, कारण दुसऱ्या टोकाची गोष्ट बघितल्याशिवाय ही नीट कळत नाही. सप्टेंबर १९६२, अमेरिकेच्या रुक्ष पश्चिमेतली ग्रीन नदी. फ्लेमिंग गॉर्ज धरणाचे दरवाजे लवकरच बंद होणार आहेत. तयार होणाऱ्या तलावात ट्राउट सोडायचा आहे, म्हणून शेकडो मैल नदीत रोटेनॉन हे विष सरकारी कर्मचारी ओततायत. आधीचे मासे मरावेत, नव्यांना जागा व्हावी, असा उघड हिशेब. कर्जतचा कातकरी उन्हाळ्यात आटलेल्या डोहात गेळफळ ठेचून टाकतो, ते संध्याकाळच्या कालवणापुरतं. इथं अख्खी नदीच कालवणात काढली. त्या वाळवंटी नद्यांतले कित्येक मूळ मासे आज मोठ्या खर्चानं जिवंत ठेवावे लागतायत.

आपल्याकडे कोणी विष ओतलं नाही. आपण डबा पाठवला.

तो डबा कावेरीकाठी उघडतो. बंगळूरच्या गळकरी मंडळींनी १९७२ साली वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया स्थापन केली आहे, नदीचा एक पट्टा राखायला घेतला आहे, सुरुंगवाल्यांना हाकललं आहे. नदीत मासा कमी झालाय, म्हणून सत्तरच्या दशकात वळवणचं बीज आणून सोडलं जातं. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा आहे: पाठीवर कुबड, केशरी पर, अजस्र. १९४६ साली काबिनीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेननं पकडलेला एक १२० पौंडांचा होता, म्हणजे चौपन्न किलोंच्या घरातला. सोडायचा तर तोच सोडायला हवा होता, असं तुम्हाला आता वाटतंय. पण त्याची पैदास कोणाला येतच नव्हती. येत होती खुदरीची. नदीत कुठला मासा जाणार हे नदीवरून ठरलं नाही, शेडमध्ये कुठला तयार होता त्यावरून ठरलं. मला या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच वाटते. हेतूंची चौकशी करत बसण्यात फारसा अर्थ नाही.

गळकऱ्यांना एक चांगली सवय होती, पकडलेला मासा नोंदवून परत सोडायची. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्यांच्या वह्या संशोधकांनी पुढं उलगडल्या. सहा हजारांहून जास्त माशांची नोंद. वर्षं पुढं सरकतात तसे निळ्या पराचे मासे भराभर वाढतात आणि केशरी पराचे विरळ होत जातात. जे सापडतात ते थोराड, मागं पिल्लंच नाहीत. नदी भरल्यासारखी दिसत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. २०१८ साली कुबड्या महाशीराला अखेर शास्त्रीय नाव मिळालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी जगाच्या लाल यादीत तो अति-संकटग्रस्त ठरला. ज्याला वाचवायला एवढा आटापिटा केला, तो खुदरी त्या यादीत धोक्याच्या बाहेर आला. वळवणच्या कामाचा त्यात वाटा आहे की नाही यावर जाणकारांनी वाद घालावा. कावेरीला मात्र या यशाचं काय करायचं ते कळणार नाही.

‘आपलाच तर मासा, परका कसा?’ असं कोणी म्हटलं तर त्याला महाडजवळच्या वाळण कोंडीत न्या. वरदायिनीच्या त्या डोहातही महाशीर आहेत, देवीचे म्हणून कोणी हात लावत नाही. तिथं ते पाहुणे नाहीत. देशी-विदेशी हा हिशेब माणसांच्या पासपोर्टचा. मासा नदी बघतो.

आता कर्जतला, आजच्या तारखेला या. पेज नदीच्या अंगाला एक फार्महाऊस आहे, तुमच्या ओळखीच्यांचं. भिवपुरीचं पाणी येतं म्हणून उन्हाळ्यातही नदी वाहती असते. मालकांनी तळं खोदलंय आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना गळ टाकायला मासे हवेत. बीजवाल्याचा टेम्पो आलाय. ऑक्सिजन भरलेल्या फुगलेल्या पिशव्या, आत बोटाएवढी पिल्लं.

“रूपचंद घ्या साहेब. गळाला जोरात लागतो, वाढतोही लवकर.”

रूपचंद दक्षिण अमेरिकेतला. शेजारी चिलापीची पिशवी, ती मूळची आफ्रिकेची. आफ्रिकन मांगूर तो दाखवत नाही, त्यावर २००० सालापासून बंदी आहे. तुम्ही तळ्याच्या सांडव्याकडे बघता. सांडव्याला मच्छरदाणीएवढी जाळी, आणि खाली ओढा. राखणीला असलेला ठाकर दादा तुमची नजर ओळखतो. “पावसात ती जाळी राहत न्हाय,” तो म्हणतो. “गेल्या साली बांधावरून पाणी गेलं. खाली वलगणीला पोरांना नवाच मासा गावला.”

तुम्ही बीजवाल्याला विचारता, इथलंच काही मिळेल का, खवली, मळे, शिंगटी?

तो पिशवीचं रबर काढत हसतो. “त्याचं बी काढतंय कोण, साहेब? बोला, किती हजार सोडू?”