प्रत्यारोपणानंतरचे बालपण



आपल्याकडे मूल मोठ्या दुखण्यातून उठले की एलियाहू हन्नाबीचा मलिदा करतात. ताटात गोड पोहे, खोबरे, फळे मांडली की घरच्यांना वाटते, दुखणे संपले. आज ज्या उपचाराचा इतिहास मी सांगणार आहे, त्यात मलिद्याचा हा दिवस कोणता धरावा, हे वैद्यांनाही पुष्कळ काळ उमगले नव्हते.

डॉ. डॉनल थॉमस यांनी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे 1950 नंतरच्या दशकात रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन पाहिली. ते रुग्ण फार काळ जगले नाहीत. 1968 साली मिनेसोटात डॉ. रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली. तो मुलगा वाचला आणि मोठा झाला. पुढे सिअ‍ॅटलमधील कार्यासाठी थॉमस यांना 1990 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या काळात विचारला जाई तो एकच प्रश्न : मूल जिवंत आहे का? दुसऱ्या प्रश्नाला उसंतच नव्हती, आणि त्याबद्दल कोणाला दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण वाचलेली मुले शाळेत जाऊ लागली, तेव्हा काही मागे राहिलेली दिसू लागली. रोगट मज्जा नष्ट करण्यासाठी अनेकांच्या सर्वांगावर किरणांचा मारा केलेला असे. वाढत्या शरीराने त्याची किंमत मोजली. उंची खुंटली, थायरॉइड मंदावली, कोवळ्या वयात मोतीबिंदू झाला, वयात येणे लांबले आणि पुढे अपत्यसुखाचीही शाश्वती उरली नाही. सिअ‍ॅटलच्या डॉ. जीन सँडर्स यांनी अशा मुलांची वर्षानुवर्षे चिकाटीने नोंद ठेवली. एकाच वेळी दिला जाणारा किरणांचा डोस पुढे अनेक हप्त्यांत विभागला गेला, तेव्हा मोतीबिंदूचे प्रमाण घटले. ज्यांना किरण टाळता येतात, त्यांना आता ते देतच नाहीत.

आणखी एक गोष्ट ऐकून मला नवल वाटले होते. नव्या मज्जेला जुन्या लसींची आठवण राहत नाही. म्हणून दहा वर्षांच्या मुलालाही तान्ह्या बाळाच्या लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात.

मूल सुखात आहे की नाही, हे मोजायचे कसे? डॉ. जेम्स वार्नी यांनी त्यासाठी 23 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात शरीर, मन, सवंगडी आणि शाळा असे चार विभाग आहेत. मुलाला वेगळे विचारतात, आईबापांना वेगळे. दोघांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. प्रत्यारोपणानंतरचे पहिले आठवडे सर्वांत कठीण असतात. मग बरीचशी मुले एकदोन वर्षांत पूर्वपदावर येतात. मात्र ज्यांना दात्याच्या पेशी दीर्घकाळ छळतात, म्हणजे त्वचा, आतडी, फुप्फुसे यांवर हल्ला करतात, त्यांची वाट लांबते.

या दिवसांत गर्दी वर्ज्य असते. शाळा नाही, शब्बाथला सिनेगॉग नाही, सिम्हाथ तोराचा नाच नाही. अशा मुलाच्या घरी खिडकीखाली उभे राहून आपण दोन गीते म्हटली, तर त्या चार विभागांपैकी एकात निश्चित भर पडेल.

आता दात्याविषयी. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. ते न जुळल्यास परका दाता शोधावा लागतो, आणि तो बहुधा आपल्याच वंशाच्या लोकांत सापडतो. 1991 साली जे फाइनबर्ग या ज्यू तरुणाला रक्ताचा कर्करोग झाला. त्याला दाता मिळेपर्यंत 1995 उजाडले. त्या शोधातूनच फ्लोरिडातील ‘गिफ्ट ऑफ लाइफ’ ही नोंदवही उभी राहिली. तिच्यात पूर्व युरोपातील ज्यूंची नावे मोठ्या संख्येने आहेत. कोकणातून निघालेली आपली घराणी आज ठाणे, लोद, अश्दोद, न्यूयॉर्क अशी विखुरली असली तरी रक्त एकच आहे, आणि आपण मुळात थोडे. नाव नोंदवायला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा लागतो, एवढेच. तरुणांनी आज घरी जाऊन आईवडिलांशी याविषयी बोलावे.