हत्तीवरून मोजलेला साग

१८५६ च्या जानेवारीत डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या पेगू प्रांतात जंगलांचा अधीक्षक म्हणून रुजू झाला. कंपनी सरकारनं हा प्रांत चारच वर्षांपूर्वी घेतला होता. जहाजांना साग हवा होता आणि लाकडाचे व्यापारी तोडीसाठी उतावीळ होते. किती तोडू द्यायचं हे ठरवायला आधी किती आहे ते कळायला हवं. अख्खं रान मोजायचं म्हटलं तर जन्म पुरला नसता.

ब्रँडिसनं हत्ती काढला आणि डोंगरांच्या धारेधारेनं निघाला. डाव्या हातात बांबूचे तुकडे, उजव्या हातात चाकू. घेरानुसार सागाचे चार वर्ग. सहा फूट आणि त्यावरचे पहिल्यात. साग दिसला की त्याच्या वर्गाच्या बांबूवर एक खाच! (वही असती तर तिथल्या पावसात लगदाच झाला असता.) मुक्कामावर खाचा मोजायच्या आणि त्या पट्ट्यावरून आजूबाजूच्या रानाचा अंदाज बांधायचा. दुसऱ्या वर्गातली झाडं पहिल्यात यायला जितकी वर्षं लागतील, तितक्या वर्षांवर पहिल्या वर्गाची तोड वाटून द्यायची, हा पुढचा हिशेब. व्यापाऱ्यांना तो अजिबात रुचला नाही.

मेख होती ती वाटेत. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीत वरवरचंच उचललं तर तळाशी करपलंय का ते कळत नाही. धारेवरचं रान आणि ओढ्याकाठचं रान एक नसतं.

फिनलंडनं १९२१ ते १९२४ मध्ये देशभरचं रान मोजताना वाट निवडण्याची मुभाच काढून घेतली. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे २६ किलोमीटरांच्या अंतरानं सरळ रेषा आखल्या. मध्ये दलदल येवो की शेत, रेषा वळणार नाही. नमुना माणसाच्या सोयीनं नव्हे, नियमानं ठरू लागला.

एवढ्यानंही भागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी पीककापणीच्या पाहण्यांत दाखवून दिलं, की नमुन्याचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं. कडेवरची रोपं मोजणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात. जंगलातही तोच घोळ होतो, आणि सागाचं एक झाड म्हणजे काही ज्वारीचं ताट नव्हे. म्हणून तिथला नियम रोखठोक आहे: बुंध्याचा मध्य हद्दीच्या आत असेल तरच झाड मोजायचं.