कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना : झूम हवा की प्रकाश?

सुट्ट्या लागल्या की नागपूरकरांची पावले ताडोबा, पेंचच्या दिशेने वळतात. एरवी छायाचित्रांसाठी खिशातला मोबाइल पुरेसा असतो. जंगलात मात्र त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापरू देऊ नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. त्यामुळे कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याची गरज पुन्हा जाणवते. सीताबर्डीच्या बाजारात जाण्यापूर्वी दोन वेगळ्या प्रकृतीच्या कॅमेऱ्यांची तुलना उपयोगी ठरेल : कॅनन पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस (२०१८) आणि सोनी आरएक्स १०० मार्क ७ (२०१९).

दोन्हींचे वजन सुमारे ३०० ग्रॅम, दोन्ही २० मेगापिक्सेलचे आणि दोन्हींत फोर-के चित्रीकरणाची सोय. म्हणजे मेगापिक्सेलचा आकडा येथे निर्णायक नाही.

झूम
कॅननमध्ये ४० पट ऑप्टिकल झूम असून त्याची लेन्स २४ ते ९६० मिलिमीटरइतकी (३५ मिमी फिल्मच्या परिमाणात) पोहोचते. सोनी २०० मिलिमीटरवर थांबतो. सोनीचे छायाचित्र कापून ४०० मिलिमीटरइतके जवळ आणले, तर सुमारे ५ मेगापिक्सेल उरतात. नऊ बाय सहा इंची प्रिंटला ते पुरतात. ९६० मिलिमीटरची बरोबरी करायला गेल्यास एक मेगापिक्सेलही उरत नाही. डिजिटल झूमचा आकडा दोन्हींत विचारात घेऊ नये.

सेन्सर आणि प्रकाश
सोनीचा एक इंची सेन्सर कॅननच्या सेन्सरच्या सुमारे चौपट क्षेत्रफळाचा आहे. शिवाय पूर्ण झूमवर कॅननचे छिद्र एफ/६.९ इतके लहान होते, तर सोनीचे एफ/४.५ राहते. म्हणजे तेवढ्याच वेळात सोनीच्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर दुपटीहून अधिक प्रकाश पडतो. पहाटेच्या सफारीत याचेच महत्त्व असते. प्रकाश कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो किंवा आयएसओ वाढवतो; परिणामी चालता वाघ धूसर होतो किंवा चित्रात दाणे दिसतात. स्टॅबिलायझेशन हाताचा कंप कमी करते, प्राण्याची हालचाल थांबवू शकत नाही.

इतर सोयी
सोनीत वर उघडणारा व्ह्यूफाइंडर आहे. विदर्भाच्या लख्ख उन्हात स्क्रीन दिसेनासा झाला की तो कामी येतो. कॅननमध्ये तो नाही. रॉ स्वरूपातील छायाचित्राची सोयही फक्त सोनीत आहे. बॅटरी दोन्हींची सुमारे २६० छायाचित्रांपुरती, त्यामुळे एक जादा बॅटरी हवीच.

निवड कशी करावी?
भरदिवसा दूरचे पक्षी टिपायचे असतील आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर कॅनन योग्य. पहाट, संध्याकाळ आणि घरातील समारंभ महत्त्वाचे असतील, तर बराच महाग असूनही सोनी सरस.

खरेदीला जाताना आपले मेमरी कार्ड सोबत न्यावे. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पूर्ण झूम करून काही छायाचित्रे घ्यावीत आणि ती घरच्या संगणकावर मोठी करून पाहावीत. ही मॉडेल्स जुनी असल्याने पक्के बिल, भारतातील वॉरंटी आणि बॅटरीची उपलब्धता यांची खात्री करूनच पैसे मोजावेत.