टास्कबारवरची प्रश्नचिन्हं

खिडकीच्या आत मराठी अगदी स्वच्छ, आणि खाली टास्कबारवर त्याच खिडकीचं नाव काय? "????? ???"! जुन्या संगणकांवर हे इतक्यांदा पाहिलंय की शेवटी मी त्याचा इतिहासच शोधायला बसलो.

टास्कबार आला विंडोज 95 बरोबर, 1995 साली. खिडकीचं नाव तेव्हा 'कोड पेज'मधून जायचं. कोड पेज म्हणजे ठरावीक भाषांपुरता अक्षरांचा तक्ता. रशियनला तो होता, ग्रीकला होता. देवनागरीला असा तक्ता विंडोजमध्ये कधी मिळालाच नाही. मग तक्त्यात नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह!

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, आणि विंडोज 2000 मध्ये तिची सोयही झाली. पण कित्येक प्रोग्रॅम मजकूर युनिकोडने दाखवायचे आणि नाव मात्र जुन्या तक्त्यातूनच पाठवायचे.

यातून एक खूण सापडली. चौकोन दिसले तर बहुधा फॉन्ट नसतो, अक्षरं शाबूत असतात. प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं वाटेतच हरवलेली असतात. मग कितीही फॉन्ट टाका, उपयोग शून्य. दुरुस्ती प्रोग्रॅममध्येच व्हावी लागते. 2019 साली विंडोज 10 मध्ये प्रोग्रॅमला यूटीएफ-8 हेच कोड पेज म्हणून वापरायची मुभा मिळाली.

असो. अडचण बरीचशी सरली, पण सवय राहिली. मजकूर मराठीत लिहितो, फाईलला नाव मात्र रोमन लिपीतच देतो. तुमचंही असंच होतं का हो?