चारचौघांतला खेळ, एकट्याचा डाव

मंडळी, मोबाइलवरच्या रमीचा इतिहास सांगायचा तर आम्हाला शब्दकोड्यापासून सुरुवात करावी लागेल. होय, छापील शब्दकोडं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बेंगळुरूहून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं पत्र निघत असे. त्यात चमारबागवाला यांची बक्षिसाची शब्दकोडी येत. फी भरायची, कोडं सोडवायचं, आणि आपलं उत्तर आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळलं तर बक्षीस. एका चौकटीत दोन शब्द सारखेच शोभत असतील तर कोणता धरायचा? तिथं व्याकरण संपतं नि नशीब सुरू होतं.

पत्र छापलं जाई म्हैसूरच्या हद्दीत आणि खपे मुंबई राज्यात. १९४९ नंतर आपलं कोल्हापूरही त्याच राज्यात होतं. मुंबई सरकारनं १९४८ च्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती केली आणि बाहेर छापलेल्या स्पर्धाही कराखाली आणल्या. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयानं सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या मूलभूत हक्काचं कवच त्याला मिळणार नाही. मात्र ज्यात कौशल्याचा भाग मोठा आहे अशा स्पर्धा त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात वेगळ्या काढल्या गेल्या. हा ‘कौशल्य’ शब्द लक्षात ठेवा, पुढं तो फार महागात पडलेला आहे.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण सगळा साचा इथं तयार दिसतो. छापणारा एका राज्यात, खेळणारा दुसऱ्या राज्यात, खेळाची जाहिरात आणि खेळ एकाच पानावर, आणि खेळणारा आपल्या घरात एकटा. यंत्र तेवढं बदललं.

मग मटका आला. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर सट्टा चालत असे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो प्रकार बंद पडला, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला. पुढं मडकं गेलं, पत्ते आले. नाव मात्र मटकाच राहिलं. गिरण्यांच्या वस्तीत तो फोफावला आणि तिथून गावोगावच्या पानपट्ट्यांपर्यंत पोहोचला. आम्ही मटक्याचं कौतुक करत नाही. त्यानं संसार मोडले, बायकांच्या अंगावरचं सोनं गेलं. पण एक गोष्ट होती. चिठ्ठी घेणारा गल्लीतलाच. पगाराच्या दिवशी कोण तिथं उभं होतं, हे भावाला, शेजाऱ्याला, किराणावाल्याला कळत असे. कुणीतरी दंडाला धरून घरी आणत असे. नेहमी नाही, पण आणत असे.

इथं कौटिल्याची आठवण होते. अर्थशास्त्रात तो जुगार बंद करा म्हणत नाही. द्यूताध्यक्षानं तो एकाच ठिकाणी चालवावा, दुसरीकडं खेळणाऱ्याला बारा पण दंड करावा, जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत, असं तो सांगतो. हेतू नीतीचा नाही. छुप्या मार्गानं जगणारे लोक नजरेत यावेत, हा आहे. नजर हवी, हे त्याला पटलेलं होतं.

आता ही नजर म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. १९०२ साली शाहू महाराज युरोपात गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि परत येऊन १९०७ ते १९१२ या काळात खासबागेचं मैदान उभं केलं. शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी अशी त्याची चढती रचना. शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, तेव्हा शहर रडलं ते नुसत्या लाकडासाठी नव्हे. तिथं लोक एकमेकांना बघत बघत नाटक बघत होते. पैसा तिथंही होता बरं का. तिकिटं होती, कुस्तीला इनाम होतं. पण हलगी वाजली की हरणाऱ्याची हार सगळ्यांसमोर होई आणि जिंकणाऱ्यालाही त्याच वाटेनं घरी जावं लागे. तालमीत वस्ताद असे. पोरगं चार दिवस आलं नाही, तर तो विचारायला घरी जाई. याच तालमींतून पुढं पेठांचे फुटबॉल संघ झाले. पाटाकडील आणि खंडोबा यांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर जाऊन बघा.

पण चारचौघं म्हणजे कोण, हेही विचारायला हवं. खासबागेच्या त्या गर्दीत बायका जवळजवळ नव्हत्याच. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं आणि पुढं घरोघर संच आले, तेव्हा संध्याकाळची करमणूक प्रथमच त्यांच्या वाट्याला घरात आली. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा एका टीव्हीसमोर अख्खी चाळ बसायची. तेव्हा टीव्हीनं माणसं तोडली, असं सरसकट म्हणणं आम्हाला पटत नाही. तुटणं सुरू झालं ते केबल आल्यावर, जेव्हा प्रत्येक खोलीतला प्रेक्षक वेगळा विकता येऊ लागला.

आता कौशल्याकडं येऊ. १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढं आलं. रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, म्हणून ती मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं न्यायालयानं म्हटलं. ऑनलाइन रमीच्या कंपन्यांनी हे वाक्य छातीशी धरलं. पण त्याच निकालात पुढं असंही होतं की पणाला लावलेल्या खेळातून क्लबचा मालक स्वतः नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. हा अर्धा भाग जाहिरातीत कसा येईल? शिवाय तो निकाल एका टेबलाभोवती बसलेल्या माणसांविषयी होता. समोरचा कंटाळला की डाव मोडे, रात्र झाली की दिवे जात. मोबाइलवर डाव मोडत नाही, आणि समोर कोण आहे तेही कळत नाही.

२००८ मध्ये आयपीएल आली. २०२० साली तिचं मुख्य प्रायोजकत्व ड्रीम ११ कडं गेलं. म्हणजे सामना हीच खेळाची जाहिरात झाली, ‘स्पोर्टिंग स्टार’च्या पानासारखी! एकाच घरात बाप नि लेक एकच सामना बघतात. लेकाचे पैसे अशा गोलंदाजावर लागलेले असतात की ज्यानं बापाच्या आवडत्या फलंदाजाला बाद केलं तर लेकाला आनंद होतो. तो आनंद त्याला बोलून दाखवता येत नाही. आम्हाला विचाराल तर कर्जाआधीचं नुकसान हे आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्य की नशीब, हा भेदच काढून टाकला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेलं नाही, आणि कायद्यातली ही गोष्ट आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते. हरलेला मुलगा आता निदान पोलिसांच्या भीतीनं गप्प बसणार नाही. घरच्या भीतीचं काय, त्याला कलम नाही. त्यावर आता तुमच्याकडून ऐकू. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून घेऊ.