नळीवरची निळाई

जुन्या बंदुकीविषयी बोलताना आपण तिच्या पल्ल्याविषयी बोलतो, तिने मारलेल्या शिकारीविषयी बोलतो, फार तर तिच्या दस्त्याच्या लाकडाविषयी बोलतो. तिच्या लोखंडाच्या रंगाविषयी सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक बंदुकीचा खरा इतिहास त्या रंगात आणि त्या रंगाखाली कोरलेल्या चार-दोन अक्षरांत असतो. वारशाने आलेली बंदूक घरच्या घरी पॉलिश पेपरने घासून 'नवी' करण्याचा मोह म्हणूनच तपासून पाहण्याजोगा आहे. तो मोह पुरा झाला की त्या वस्तूचा काळ पुसला जातो, आणि पुसलेला काळ पुन्हा उमटवता येत नाही.

मंगरूळपीर हे वऱ्हाडातले तालुक्याचे गाव. दादा हयात कलंदर यांचा दर्गा ही त्याची जुनी ओळख. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून हा भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वाशीम जिल्ह्यात आला. रोही आणि रानडुकरे पिकात शिरणे हे इथल्या शेतकऱ्याचे जुने दुखणे. त्यामुळे अशा मुलखात ठासणीची बंदूक ही शिकारखान्यातली चैन नव्हती. ती नांगर-वखरांच्या शेजारी ठेवायची वस्तू होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही हे गृहीत धरलेले दिसते. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसऱ्या सपाट नळीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असा त्याच्या तेराव्या कलमाचा रोख आहे. कायद्याच्या लेखी शेतकरी आणि ठासणीची बंदूक ही जोडीच होती.

बंदुकीच्या नळीला मुद्दाम रंग देण्याची रीत मात्र तितकी जुनी नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे वेलस्लीने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. त्या काळच्या ब्रिटिश पायदळाच्या मस्केटला 'ब्राउन बेस' हे नाव असले, तरी तिच्या नळ्या तपकिरी नसत. त्या पांढऱ्या, लखलखीत ठेवलेल्या असत. ती लखलख राखण्यासाठी शिपाई विटेच्या भुकटीने नळी घासत आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने लोखंड झिजून पातळ होई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत या नळ्या तपकिरी करण्याची पद्धत सैन्यात आली. तपकिरी म्हणजे गंजच, पण शिस्तीत आणलेला गंज. आधीच बेताने गंजवलेले आणि तेल मुरवलेले लोखंड नव्या गंजाला सहज बळी पडत नाही, शिवाय उन्हात चमकून शत्रूला सुगावाही देत नाही. शतकाच्या मध्यापर्यंत तपकिरीची जागा निळसर काळ्या रंगाने घेतली. १८५३ ची एन्फील्ड रायफल या रंगाची होती.

आपल्याकडे या कामाची परंपरा निराळी होती. 'शिकलगार' हा शब्द आज आपण सुरी-कात्रीला धार लावणाऱ्यासाठी वापरतो. त्याचे मूळ 'सैकल' या अरबी शब्दात आहे आणि त्या शब्दाचा अर्थ झिलई असा होतो. शिकलगार हा मुळात झिलई देणारा कारागीर. उत्तम पोलादाच्या पात्यावर हिराकशीसारख्या क्षारांचे पाणी फिरवून आतली नक्षी, म्हणजे 'जौहर', वर आणण्याची विद्या या देशात होती. पट्ट्या पिळून आणि जोडून घडवलेल्या बंदुकीच्या नळ्यांवरही असाच जौहर दिसे. म्हणजे आपल्या कारागिराच्या लेखी रंग हे लोखंडावर चढवलेले पांघरूण नव्हते. लोखंडाच्या आत जे होते तेच तो बाहेर आणत होता.

ही विद्या ओसरायला अनेक कारणे झाली. कारखान्यातल्या मालाची स्वस्ताई हे एक, आणि १८७८ चा लिटनचा शस्त्र कायदा हे दुसरे. या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे बंद झाले. युरोपियनांना मात्र सूट होती. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो याच अपमानापोटी. शस्त्र गेले तसे त्याची निगा राखणाऱ्या हातांचे कामही गेले. शिकलगाराच्या दगडावर तलवारीच्या जागी विळा-अडकित्ता आला. आज घरातली जुनी बंदूक कोणाकडे न्यावी हे आपल्याला समजत नाही, त्याची मुळे इतक्या मागे पोहोचतात.

निळाई म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले तर मोह थोडा आवरतो. पावसाळ्यात चढणारा तांबडा गंज सच्छिद्र असतो. तो फुगतो, सुटतो आणि खालचे लोखंड उघडे पाडत आत उतरतो. त्याच लोहाचे काळे ऑक्साइड मात्र घट्ट बसते. जुन्या पद्धतीत नळी तेलाचा अंशही न ठेवता स्वच्छ करीत, तिच्यावर सौम्य आम्लयुक्त द्रावण फिरवून तिला दमट जागी गंजू देत, मग ती उकळत्या पाण्यात बुडवीत. उकळल्याने तांबडा थर काळा होई. त्यावरची सुटी भुकटी बारीक तारेच्या ब्रशने काढून हेच पुन्हा, आणि पुन्हा. अशा अनेक फेऱ्यांनंतर तो खोल, मखमली काळा रंग येई. यात महागडे काहीच लागत नसे. लागे तो वेळ, आणि हात न लावण्याचा संयम.

विसाव्या शतकात कारखान्यांनी हा वेळ वाचवला. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात भाग बुडवले की थोड्या वेळात काळे होतात. घरी हा प्रयोग करणे म्हणजे डोळे आणि कातडी पणाला लावणे. दुनळी बंदुकीच्या नळ्या तर शिसे-कथिलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. हे द्रावण तो डाकच खाऊन टाकते. बाटलीत मिळणारी 'थंडी' निळाई सोपी आहे, पण तिचा थर अतिशय पातळ असतो, लवकर उडतो, आणि तिच्यातली सेलेनियमची संयुगे विषारी असतात. तरीही सर्वांत मोठे नुकसान या रसायनांच्या आधीच होऊन जाते. रंग नीट बसावा म्हणून माणूस आधी घासतो. कडा गोल होतात, जौहर पुसट होतो, आणि अक्षरे जातात.

ही अक्षरे म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिका. इंग्लंडहून आलेल्या नळीवर लंडन वा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के असतात. १९०४ साली स्थापन झालेल्या इछापूरच्या कारखान्यातील लष्करी रायफलवर मुकुट, राजाची आद्याक्षरे, ठिकाण आणि साल असते. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. राज्य बदलल्याची नोंद इतक्या लहान जागेत क्वचितच कुठे सापडेल. लष्करी बोअरची ·३०३ रायफल सामान्य नागरिकाला वर्ज्य होती, म्हणून नागरी वापरासाठी ·३१५ बोअर रूढ झाला. नळीवरचा तेवढा एक आकडासुद्धा सत्ता आणि प्रजा यांच्यातल्या अविश्वासाची साक्ष देतो.

कायदाही इथे इतिहासाच्या बाजूने उभा आहे. शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमानुसार बंदुकीवरचे नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे, काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. पाचव्या कलमानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे गावातल्या लेथवाल्याकडे बंदूक सोपवणे हा मार्ग नव्हे. ती परवानाधारक विक्रेत्याकडेच न्यावी लागते. दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा, केवळ पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला पंचेचाळिसावे कलम सवलत देते. पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे आपण घरी बसून ठरवू नये. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. तेव्हापासून वारशाच्या बंदुकीचे काय करायचे, हा अनेक घरांपुढचा खरा प्रश्न झाला आहे.

मग करावे काय? रिकामी असल्याची खात्री करून मऊ कापड आणि पातळ यांत्रिक तेल वापरावे. जिवंत गंज दिसला तर तेवढ्याच जागी, तेलात भिजवून, हलक्या हाताने तो काढावा. वऱ्हाडात सहज मिळणारे जवसाचे तेल लाकडी दस्त्याला उत्तम. पण ते वाळून चिकट पापुद्रा धरते, म्हणून घोड्यात आणि कळीत ते जाऊ देऊ नये. खंडेनवमीला ओले हळद-कुंकू लावले असेल तर त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवावा, कारण ओल आणि बोटांचा घाम यांनीच पुढच्या गंजाची सुरुवात होते. त्यापलीकडे काही करू नये. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयातल्या शस्त्रांकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने घरातल्या बंदुकीकडे पाहायला हरकत नाही.

जिथे हात वर्षानुवर्षे पडला तिथली निळाई उडून लोखंड करडे झालेले असते. नळीच्या मध्यावर, जिथे तोल साधतो, तिथे हे हमखास दिसते. आपल्याला तो डाग वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या शेतावर रात्र जागवणाऱ्या माणसांची लेखी नोंद सरकारदरबारी परवान्याच्या एका ओळीपलीकडे क्वचितच असते. तो करडा पट्टा ही त्यांची दुसरी नोंद आहे, आणि ती खोडण्याचा अधिकार वारसाला मिळालेला नाही.